हेल्मेटबाईंना विचारा : ‘सुरक्षेचा अतिरिक्त कार्यभार माझ्याकडे आलाय’

एका सरकारी कार्यशाळेत मी एकोणतीस वर्षं सुरक्षा अधिकारी होते. हजारावर कामगार असले की कारखाने कायद्याप्रमाणे हे पद भरावंच लागायचं, म्हणून मला नोकरी मिळाली. मी दिसले की पोरं डोक्यावर हात फिरवून पाहायची आणि हेल्मेट शोधत पळायची. ‘हेल्मेटबाई आली’ ही हाळी मी रोज ऐकायचे, त्यामुळे सदराला दुसरं नाव शोधायची गरज पडली नाही. या वेळच्या पत्रांपैकी पहिल्याला जास्त जागा दिलीय, कारण तसल्याच मजकुराची आणखी चार पत्रं माझ्यासमोर पडलेली आहेत.

स. न. वि. वि. मी पाटबंधारे खात्याच्या एका उपविभागात सहायक अभियंता आहे. गेल्या महिन्यात वरून पत्र आलं : ‘आपल्या कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या सुरक्षितता व आरोग्याचा कार्यक्रम राबवून अनुपालन अहवाल सात दिवसांत सादर करावा.’ साहेबांनी पत्राच्या समासात माझं नाव लिहिलं आणि विषय संपला. मला यातलं ओ की ठो कळत नाही. आम्ही एकूण ४१ जण आहोत. जुनी कौलारू इमारत, १९ किलोमीटर कालवा, एक जीप. या कामासाठी पैसा शून्य. शेजारच्या उपविभागाचा अहवाल मिळालाय. तारीख बदलून तोच पाठवू का? – सहायक अभियंता, मराठवाडा

नका पाठवू. असला अहवाल एकदा माझ्या सहीनं गेलाय. त्यात आम्ही लिफ्टची तपासणी केल्याचं लिहिलं होतं आणि आमच्या कार्यशाळेत लिफ्टच नव्हती. वरच्या कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. मला मात्र ते अजून आठवतं.

सात दिवसांत कार्यक्रम उभा राहत नसतो, हे वर बसलेल्यांनाही माहीत असतं. ‘कार्यवाही सुरू आहे, सविस्तर अहवाल तीन महिन्यांत सादर करीत आहे’ असा दोन ओळींचा अंतरिम अहवाल आज पाठवा आणि ते तीन महिने खरोखर वापरा.

पहिला आठवडा फक्त चाला. बरोबर कनिष्ठ अभियंता नको. शिपाई घ्या, सफाईवाल्या मावशी घ्या, आणि कालव्यावर गेलात की पाणी सोडणारा पाटकरी. त्यांना एवढंच विचारा : ‘इथं काम करताना कुठं जपावं लागतं?’ धोका कुठं आहे असं विचारलंत तर ‘काही नाही साहेब, सगळं व्यवस्थित’ असं उत्तर येईल. कुठं जपता म्हटलं की माणसं बोलू लागतात.

हे मी अक्कलखाती पैसे भरून शिकले. आमच्या सुरक्षा समितीत कागदावर कामगार आणि अधिकारी निम्मे निम्मे होते, कारण १९८७ च्या दुरुस्तीनं कायद्यात तसं घातलं होतं. पण बैठकीत तोंड उघडायचे ते अधिकारीच. एका दुपारी विद्युत विभागाचा मदतनीस शिडीवरून पडला. टाचेचं हाड मोडलं, पाच महिने घरी. चौकशीला मी गेले तेव्हा पोरं म्हणाली, ‘त्या शिडीला आम्ही सासूबाई म्हणतो मॅडम, कधी पाडील सांगता येत नाही.’ अख्ख्या विभागानं त्या शिडीचं बारसं केलेलं होतं आणि सुरक्षा अधिकाऱ्याला तिचा पत्ता नव्हता. भांडारात विचारलं तर कळलं की निर्लेखनाचा, म्हणजे शिडी कागदोपत्री बाद करण्याचा, प्रस्ताव चौदा महिने पडून आहे. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कार्यालयाच्या वस्तूंच्या नोंदवहीत, शिडी जिवंत, म्हणून ती वापरात. त्या दिवसापासून मी एक लाल रंगाचा डबा बाळगला. मोडकी वस्तू दिसली की तिच्यावर लाल फुली, साखळी, कुलूप. निर्लेखन होईल तेव्हा होवो, रजिस्टरला ती जिवंत राहू दे, पण माणसाच्या हाताला लागता कामा नये. तुमच्या कार्यालयातही एखादी सासूबाई असेल. शिडी नसेल तर पंखा असेल, नाहीतर जिन्याची पायरी.

आता तुमच्या ४१ या आकड्याकडे वळू. यात रात्रीचा चौकीदार आहे का? संगणकावर बसणारी मुलगी? जीपचा ड्रायव्हर एजन्सीकडून आलाय ना? बहुधा तुम्ही वेतनपटावरची डोकी मोजलीत. सगळे असंच करतात, आणि नेमकं इथं कायद्याचं पारडं उलटं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीची संहिता अमलात आली. १९४८ च्या कारखाने कायद्यासह तेरा कायदे तिनं पोटात घेतले. तिच्या पहिल्याच कलमात लिहिलंय की केंद्र आणि राज्य सरकारच्या कार्यालयांना ती लागू नाही. तुमचे साहेब हे वाक्य वाचून खूश होतील. त्यांना त्याखालचं परंतुकही, म्हणजे ‘परंतु’ म्हणून जोडलेली अटही, वाचून दाखवा : सरकारी कार्यालयात कंत्राटदारामार्फत घेतलेले कामगार असतील आणि सरकार त्यांचं मूळ नियोक्ता असेल, तर त्यांच्यापुरती संहिता लागू. म्हणजे साहेबांच्या खुर्चीला कायदा नाही, खुर्ची पुसणाऱ्याला आहे. तेव्हा यादी नव्यानं करा आणि कंत्राटी नावं वर घ्या. जास्त जोखमीची कामं तशीही त्यांच्याच वाट्याला आलेली असतात.

‘पण आम्हाला लागूच नाही’ म्हणून कायम कर्मचाऱ्यांना वगळायचं का, असं कुणी विचारील. साप चावताना सेवापुस्तिका बघत नाही, एवढंच सांगा.

समिती लहान ठेवा. सात जण पुरे. अध्यक्ष कार्यालयप्रमुखच हवा. तुम्ही अध्यक्ष झालात तर उद्या जीपचे टायर बदला म्हणताना सही कुणाची आणणार? सातांत चार जण हातानं काम करणारे, त्यातला एक कंत्राटी, आणि निदान दोन बायका घ्या. स्वच्छतागृहाला आतून कडी नाही, ही गोष्ट पुरुषांच्या समितीत वर्षभर निघत नाही. इतिवृत्तात तीनच रकाने करा : काय करायचं, कोण करणार, कुठल्या तारखेला. ‘चर्चा झाली’ हा शब्दप्रयोग इतिवृत्तातून हद्दपार करा.

एक वही करा. आमच्या वहीच्या कव्हरवर ‘थोडक्यात वाचलं’ असं लिहिलं होतं. पाय घसरला पण पडलो नाही, बटणाला झिणझिण्या आल्या, फाइल काढताना रॅक हलला, असलं सगळं त्यात लिहायचं. लिहिणाऱ्याचं नाव नको. आमची वही अडीच महिने कोरी राहिली. लोकांना वाटायचं, ही मेमो द्यायची नवी तऱ्हा आहे. शेवटी मीच लिहिलं : ‘भांडाराच्या दारात तेल सांडलेलं होतं. मी मोबाइलवर बोलत चालले होते. पडता पडता वाचले. चूक माझीही.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली तीन नोंदी झाल्या. वहीतल्या नोंदीवरून कुणाला खुलासा मागितला गेला तर तिथंच वही संपली असं समजा. साहेबांकडून हे आधी वदवून घ्या, तेही चार लोकांसमोर.

पैशाचं रडगाणं मला मान्य नाही. विजेचं काम असेल तर ते सार्वजनिक बांधकामच्या विद्युत शाखेकडे पाठवायचं असतं. टॉर्च, गमबूट, प्रथमोपचार पेटी, पायरीला लावायची खरबरीत पट्टी यांना वेगळं लेखाशीर्ष लागत नाही, १३-कार्यालयीन खर्चात बसतं. लागतो तो कागद. सरकारी कार्यालयात तोंडी सांगितलेला धोका अस्तित्वातच नसतो, त्याला जावक क्रमांक लागतो. ‘गेट क्रमांक अमुकच्या चालमार्गाचं कठडं गंजून तुटलं आहे, रात्रीच्या आवर्तनात पाटकरी तिथून जातो, पडल्यास जीवितहानी संभवते’ अशी टिपणी ठेवा. ‘जीवितहानी संभवते’ हे दोन शब्द फाइलवर चढले की ती फाइल दाबून ठेवायला मोठं काळीज लागतं. मी या दोन शब्दांच्या जोरावर आख्खं छप्पर बदलून घेतलंय.

तुमच्या कामात खरा धोका कार्यालयात नाही, कालव्यावर आहे. रब्बीच्या आवर्तनात पाटकरी रात्री दोनला एकटा गेट फिरवतो. इथं लोक लगेच हेल्मेट आणि जाकिटं खरेदी करायला धावतात. माझं नाव हेल्मेटबाई असलं तरी सांगते, हेल्मेट ही शेवटची गोष्ट. आधी विचारा, रात्री गेट फिरवायलाच हवं का? पाळी संध्याकाळी बदलता आली तर अर्धा धोका तिथंच गेला. नाही बदलता आली तर कठडा, दिवा, ग्रीस घातलेला स्क्रू, म्हणजे हिसका मारावा लागणार नाही. मग नियम : रात्री दोघंच जायचं, आणि गेटजवळ दोर बांधलेली हवा भरलेली ट्यूब टांगलेली हवी. त्यानंतर गमबूट.

सापाचं स्वतंत्रपणे लिहिते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही तुमच्या बांधावर असू शकतात. चावलं तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. अंगठी-कडं काढायचं, हातपाय हलू द्यायचा नाही, आणि १०८ ला फोन. पण सर्पदंशाची लस जवळच्या कुठल्या दवाखान्यात आहे, हे चावल्यावर शोधायचं नसतं. दर महिन्याच्या एक तारखेला तुमच्या लिपिकानं तीन दवाखान्यांना फोन करून लस आहे का विचारायचं आणि फळ्यावर लिहायचं. खर्च तीन फोनचा.

आणि जीप. माझ्या नोकरीत मी चार सहकारी गमावले, त्यातले तीन रस्त्यावर. एकही यंत्रात सापडून नाही. जिल्ह्याची बैठक रात्री नऊला संपते आणि साहेबांना घरी जेवायला पोचायचं असतं. ड्रायव्हर पहाटे पाचपासून चाकावर. मुक्कामाची परवानगी मागायला दोघांनाही लाज वाटते. ही लाज मोडायचं काम तुमच्या समितीनं केलं, बाकी काहीच केलं नाही, तरी कार्यक्रम सार्थकी लागला म्हणेन.

मॅडम, आमच्या नगरपरिषदेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर मी ठेकेदारामार्फत ऑपरेटर आहे. क्लोरीनचे ९०० किलोचे टनर (मोठ्या टाक्या) आहेत. वॉल्व्हपाशी अधूनमधून गळतं. सुपरवायझर म्हणतात, पाणी मार. मास्क एकच आहे, तो क्लोरीनच्या खोलीतल्या कपाटात. काय करू? नाव छापू नका. – एक ऑपरेटर

नाव छापत नाही. तुमचं पत्र मात्र मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर हे पान उघडून ठेवावं असं आहे.

गळत्या जागेवर पाणी अजिबात मारू नका. क्लोरीन आणि पाणी मिळून आम्ल तयार होतं, ते धातू खातं आणि भोक मोठं होतं. गळती कुठं आहे हे शोधायला अमोनियाच्या द्रावणात भिजवलेला बोळा काठीला बांधून जवळ न्यायचा. जिथं पांढरा धूर उठेल तिथं गळती. मात्र हे काम मास्क लावून, दोघांनी. टनरमधून पातळ द्रव येत असेल तर प्रशिक्षित माणसानं टनर असा फिरवायचा की गळकी जागा वर येईल. द्रवाचा वायू झाला की तो साडेचारशे पट पसरतो, म्हणून द्रव गळण्यापेक्षा वायू गळलेला बरा.

पळायची वेळ आली तर वाऱ्याच्या उलट्या दिशेला आणि उंचवट्याकडे पळा. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, तो खड्ड्यात, तळघरात, नाल्यात बसतो. केंद्राच्या छतावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बांधा. जुन्या पांढऱ्या लेंग्याचा एक पाय कापून केलेली मी पाहिलीय, उत्तम चालते.

मास्क खोलीत ठेवणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर विहिरीतच ठेवणं. आजच्या आज तो दाराबाहेर भिंतीवर टांगा. त्यावरच्या वायू गाळणाऱ्या डबीची मुदत तपासा. डबीचा मास्क किरकोळ गळतीपुरता, खोलीत वायू दाटला तर पाठीवर हवेचं नळकांडं असलेलाच संच लागतो, आणि तो वापरायचा सराव लागतो. वायू ओढणारा पंखा जमिनीलगत हवा आणि त्याचं बटण बाहेर. बऱ्याच ठिकाणी पंखा छतापाशी आणि बटण आत असतं. बांधताना कुणी विचारलेलंच नसतं.

मुख्याधिकारी हे वाचत असतील तर : केंद्र लहान असेल तर टनरच काढून टाकता येतो का पाहा. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किंवा सोडियम हायपोक्लोराइटवर अनेक गावांचं पाणी शुद्ध होतं. त्यालाही हातमोजे-चष्मा लागतो, साठवणूक नीट लागते, पण शेजारची वस्ती रात्रीत उठवावी लागत नाही. आणि हा ऑपरेटर ठेकेदाराचा म्हणून तुमचा नव्हे, असं समजू नका.

ऑपरेटर, तुम्ही एक करा. गळती दिसेल त्या दिवशी पाळीच्या लॉगबुकात वेळ घालून नोंद करा आणि पानाचा फोटो काढून ठेवा.

अभिलेख कक्षात अकरा वर्षं आहे. धुळीनं सकाळी शिंका थांबत नाहीत, कंबर गेली. शिवाय आमच्या मागच्या दाराला कपाटं लावलीत. कुणाकडे तक्रार करू? – कनिष्ठ लिपिक, पुणे विभाग

कपाटं आधी. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली, पाच जण गेले. त्यानंतर महिनाभर राज्यातल्या प्रत्येक कार्यालयानं आपली दारं मोजली आणि मग पुन्हा त्यांना कपाटं लावली. तुमच्या इमारतीच्या अग्निशमन यंत्रणेचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारीत आणि जुलैत घ्यावं लागतं, त्याला ब नमुना म्हणतात. २००६ चा राज्याचा कायदा आहे. कार्यालय अधीक्षकांकडे लेखी विनंती करा : ‘ब नमुन्याची प्रत पाहायला मिळावी.’ तक्रार करू नका, प्रत मागा. प्रत शोधायला माणूस आला की त्याला मागचं दार दाखवा. जाता जाता नळकांडीही बघा. पावडरच्या नळकांड्यावर काटा असतो, तो हिरव्यात हवा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांड्याला काटाच नसतो, ते वजन करून तपासावं लागतं. ‘काटा नाही म्हणजे बिघडलंय’ म्हणून ते परत पाठवणारा भांडारपाल मी पाहिलाय, आणि काटा नसल्यानं दहा वर्षं कुणी हातच न लावलेलंही पाहिलंय.

धुळीसाठी कोरड्या फडक्यानं झटकणं बंद. दमट फडकं, आणि गठ्ठे हाताळताना एन-९५ मास्क, कापडी रुमाल नव्हे. शिंका अकरा वर्षांच्या आहेत तर एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवा आणि ‘कामाच्या ठिकाणी जुन्या कागदांची धूळ’ हे केसपेपरवर लिहून घ्या. कमरेचं कारण बहुधा सगळ्यात जड गठ्ठे सगळ्यात खाली ठेवणं. रोज लागणारे आणि जड, दोन्ही गुडघा ते खांदा एवढ्या उंचीत आणा. एका रविवारचं काम आहे. दोन माणसं मागून घ्या, एकट्या उचलू नका.

४ मार्चला आमच्याकडे सुरक्षेची शपथ घेतात, फोटो काढतात, समोसा देतात. याला काही अर्थ आहे का? – चालक, एक सरकारी विभाग

समोशाला आहे.

१९६६ साली ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून हा दिवस. १९७२ पासून पाळतात. शपथेला माझा विरोध नाही, दोन मिनिटं लागतात. आमच्याकडे मी पुढची अठ्ठावन्न मिनिटं मागून घेतली होती. शपथ झाली की सगळ्यांनी, महाव्यवस्थापकांसकट, आपापल्या विभागातली एक गोष्ट त्याच तासात दुरुस्त करायची, मगच समोसा. एका वर्षी महाव्यवस्थापकांच्या वाट्याला स्वतःच्या केबिनमधला लोंबता प्लग आला. स्क्रूड्रायव्हर कसा धरायचा हे त्यांना वायरमननं दाखवलं. समोसे त्या वर्षी गार झाले.